श्यामकांतरावांची अठ्ठाविसावी तक्रार

बोरिवलीची 'नंदादीप' सोसायटी पुनर्विकासात पडली आणि तिच्यातली सोळा बिऱ्हाडं सोळा रस्त्यांवर पांगली. इमारत उभी होती तोवर ही सोळा बिऱ्हाडं पाण्याच्या टाकीवरून, पार्किंगवरून आणि गच्चीच्या किल्लीवरून एकमेकांशी अबोला धरून होती. पण इमारत गेली आणि एकदम प्रेमाला भरती आली. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रोज सकाळी प्रत्येकजण आपापल्या भाड्याच्या गल्लीचे गोडवे गाऊ लागला. कोणाच्या खिडकीत पोपट येत होते, कोणाला बाल्कनीतून डोंगर दिसत होता. कांदिवलीला गेलेल्या एकाने तर खालच्या मजल्यावर दाताचा डॉक्टर असल्याचं कौतुक तीन फोटोंसकट टाकलं होतं. ज्याला स्वतःचं घर नसतं त्याला स्वतःचा रस्ता तरी मिरवावा लागतो.

अशा वेळी श्यामकांत उपासनी मागे राहणं शक्य नव्हतं. विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. लोकांच्या तक्रारींना 'आपले पत्र मिळाले, आपल्या म्हणण्याची नोंद घेतली आहे' असं उत्तर द्यायचं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी इतकं मन लावून केलं की निवृत्तीनंतर नाण्याची दुसरी बाजू पाहावी म्हणून ते स्वतःच तक्रारी करू लागले. त्यांचं एक तत्त्व होतं. ते म्हणत, "माणूस घरात राहत नाही, रस्त्यावर राहतो. घर फक्त झोपायला असतं. तेव्हा आधी रस्ता बघा." यावर त्यांच्या पत्नी सुनंदाबाई म्हणत, "बघा. पण रस्त्यावर आणू नका म्हणजे झालं."

रस्ता बघण्याची श्यामकांतरावांची पद्धत शास्त्रशुद्ध होती. रतन नावाच्या एजंटाला बरोबर घेऊन ते गल्लीच्या तोंडाशी अर्धा तास उभे राहत आणि कानांनी अंदाज घेत. चूक एकच होती. सकाळी त्यांना पेपर असे, संध्याकाळी फिरणं असे, त्यामुळे ही पाहणी दुपारी अडीच ते तीन या वेळात होई. दुपारी अडीच वाजता मुंबईच्या उपनगरातला कुठलाही रस्ता आश्रमासारखा वाटतो. कुत्रीसुद्धा सावलीत पडलेली असतात. ही गोष्ट रतनला पक्की ठाऊक होती आणि तो तीच वेळ आनंदाने देई.

पहिला रस्ता रतनने 'पिन-ड्रॉप सायलेंट' म्हणून दाखवला होता, आणि त्याने फसवलं असं म्हणता येणार नाही. रस्ता शांत होता. रुंद होता, सरळ होता, वाहतूक नव्हती. नेमक्या याच कारणासाठी बोरिवलीतल्या चारही मोटार ड्रायव्हिंग स्कूलांनी तो निवडला होता. सकाळी साडेसहाला पहिली गाडी यायची, आणि मग ज्यांना गाडी चालवता येत नाही अशी माणसं रात्री आठपर्यंत श्यामकांतरावांच्या खिडकीखाली गाडी चालवायची. त्यातल्या निम्म्या जणांचा त्या दिवशीचा धडा 'रिव्हर्स' असायचा. गाडी मागे घेताना वाजणारं ते किरटं संगीत दिवसातून दोनशे वेळा ऐकल्यावर सुनंदाबाई चपाती लाटतानाही मागे मागे सरकू लागल्या.

त्यातून श्यामकांतराव सल्ला देणारे. एकदा त्यांनी खिडकीतून एका बाईंना "डावीकडे, डावीकडे घ्या" असं सांगितलं, आणि त्या दिवसापासून सगळ्या गल्लीचे ते 'काका' झाले. "काका, मागे किती जागा आहे?" "काका, जरा खांबापाशी उभे राहता का?" काका उभे राहिले. तिसऱ्या दिवशी एका नवशिक्याने काकांना वाचवायचं म्हणून गाडी वळवली आणि सोसायटीचं फाटक आडवं केलं. सेक्रेटरींनी भाडेकरू या नात्याने काकांनाच बोलावून विचारलं, "तुम्ही तिथे उभे का होतात?" या प्रश्नाचं उत्तर श्यामकांतरावांना आजही देता आलेलं नाही.

त्यांनी पालिकेच्या ॲपवर तक्रारी केल्या. क्रमांक एक ते चौदा. प्रत्येकीला एक लांबलचक आकडा मिळाला आणि प्रत्येकीपुढे 'प्रक्रियेत आहे' असे शब्द उमटले. चौतीस वर्षं 'नोंद घेतली आहे' लिहिणाऱ्या माणसाला त्या शब्दांचा अर्थ कोणी सांगायला नको होता. तरी ते रोज सकाळी चष्मा लावून आपल्या चौदा लेकरांची तब्येत पाहत.

दुसरा रस्ता सुनंदाबाईंच्या आग्रहामुळे 'सोयीचा' घेतला. खाली भाजी, खाली औषधं, खाली पिठाची गिरणी. दुपारी अडीचला ही सगळी दुकानं अर्ध्या शटरवर होती आणि फरसाणवाल्याची कढई घासून पालथी घातलेली होती. कढईच्या वर जे जाड पत्र्याचं धुराडं होतं ते कुठे जातं याची चौकशी श्यामकांतरावांनी केली नाही. ते त्यांच्या बेडरूमच्या खिडकीपाशी येत होतं.

पंधरा दिवसांत उपासनी कुटुंबाला पापडी-गाठियाचा वास लागला. कपड्यांना, उशांना, देवघरातल्या कापसाच्या वातींना. श्यामकांतराव पेन्शनच्या कामासाठी बँकेत रांगेत उभे राहिले की पुढचा माणूस वळून बघे आणि मग घड्याळ बघे. सुनंदाबाई भजनाला गेल्या तर दुसऱ्या अभंगानंतर बायका "काही खायला आणलंय का गं?" विचारू लागल्या. दसऱ्याला जिलेबी-फाफड्याची रांग दुकानातून निघून, फुटपाथवरून, त्यांच्या इमारतीच्या जिन्यात शिरून पहिल्या मजल्यापर्यंत पोचली. सोनं द्यायला आलेल्या पाहुण्यांना लोकांनी वर येऊ दिलं नाही. "लाइन में आओ ना," असं त्यांना सांगण्यात आलं. पाहुणे पाऊण तासाने वर पोचले ते हातात अर्धा किलो जिलेबी घेऊनच.

तक्रारी क्रमांक पंधरा ते सत्तावीस. प्रक्रियेत आहेत.

जानेवारीच्या सुरुवातीला सुनंदाबाईंनी एका सकाळी शांतपणे चहाचा कप खाली ठेवला. त्या शांतपणे काही ठेवू लागल्या की श्यामकांतराव सावध होत. "हे बघा," त्या म्हणाल्या, "आठ महिन्यांत हे तिसरं घर होणार. गॅसचा नंबर तिसऱ्यांदा बदलायचा, पोलीस स्टेशनात तिसऱ्यांदा फोटो द्यायचे. तो हवालदार मला आता 'या ताई, बसा' म्हणतो. तिसरं घर मी बघणार, आणि सकाळी आठ वाजता बघणार. तिथे तुम्ही काही गोंधळ घातलात आणि चौथं शोधायची पाळी आली, तर ते तुमच्या एकट्यासाठी शोधा. मी मुलुंडला मधुवंतीकडे जाईन आणि इमारत झाली की येईन."

मधुवंती म्हणजे सुनंदाबाईंची धाकटी बहीण. तिच्याकडे एक रिकामी खोली होती आणि श्यामकांतरावांबद्दल एक मत होतं. इमारत व्हायला बिल्डर दीड वर्ष म्हणत होता, म्हणजे तीन. श्यामकांतरावांना स्वतःला चहापलीकडे काही करता येत नव्हतं. पण खरं सांगायचं तर प्रश्न पोळीभाजीचा नव्हता. एकोणचाळीस वर्षं ज्या माणसाशी आपण रोज वाद घालतो, तो माणूस मुलुंडला गेला तर वाद कोणाशी घालायचा, या विचाराने त्यांना खरोखरच धडकी भरली.

तिसरी गल्ली सुनंदाबाईंनी शोधली ती गावठाणात. टॉवरांच्या मधोमध जुन्या ख्रिस्ती वस्तीची वीस-बावीस कौलारू घरं अजून उभी होती. मेबल रोझारिओ या पासष्टीच्या बाईंनी आपल्या घराचा वरचा मजला त्यांना दिला. रस्ता म्हणजे दोन स्कूटर जेमतेम जातील एवढा. गाडी शिरणं अशक्य, त्यामुळे शिकणं तर दूरच. अंगणात एक विहीर, विहिरीपाशी जास्वंद, पलीकडे पांढरा क्रूस. दुपारी एक ते चार सगळी गल्ली झोपायची, आणि सकाळी आठलाही ती फार जागी झालेली नसे.

पहिल्याच दिवशी श्यामकांतराव दारात उभं राहून 'आत यावं का' याचा विचार करत होते, तर मेबलबाई म्हणाल्या, "शाम, आत ये रे! दारान काय उबा रेलास?"

शाम! आणि वर 'ये रे'! नंदादीपमध्ये त्यांना सगळे श्यामकांतराव म्हणत, बँकेत उपासनीसाहेब म्हणत, ड्रायव्हिंग स्कूलच्या गल्लीत निदान काका तरी म्हणत. चौथीनंतर त्यांना कोणी नुसतं शाम म्हटलं नव्हतं. त्यांनी सुनंदाबाईंकडे पाहिलं. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. आठ महिन्यांत त्या प्रथमच हसत होत्या, म्हणून श्यामकांतरावांनी शाम होणं पत्करलं.

आठवड्याभरात सुनंदाबाई त्या गल्लीच्या झाल्या. मेबलबाईंकडून त्या फुगे, म्हणजे मैद्याचे गोल पाव, तळायला शिकल्या, त्यांना पुरणपोळी शिकवू लागल्या. मेबलबाईंच्या मुलाचं, नेव्हिलचं लग्न महिनाअखेरीला होतं. त्याच्या तयारीत सुनंदाबाई अशा शिरल्या की आमंत्रणाच्या यादीवरही त्यांचं मत विचारलं जाऊ लागलं. श्यामकांतरावांना शांत झोप लागू लागली. नंदादीपच्या ग्रुपवर त्यांनी जास्वंदीचा फोटो टाकला आणि तो कोणीच उचलून धरला नाही, यावरून सगळे जळले हे त्यांनी ओळखलं.

आणि मग, लग्नाला बारा दिवस असताना, संध्याकाळी गॅलरीत बसलेल्या श्यामकांतरावांच्या टकलावर एक डास बसला.

डास मेला. पण श्यामकांतरावांची नजर अंगणातल्या उघड्या विहिरीवर गेली, आणि खाज सुटल्यावर बोट जसं आपोआप जातं तसं त्यांचं बोट फोनवर गेलं. 'उघडी विहीर, डासांची उत्पत्ती, कृपया त्वरित कार्यवाही व्हावी.' तक्रार क्रमांक अठ्ठावीस. त्यात रागाचा लवलेश नव्हता. नुसती सवय होती. जेवायला बसेपर्यंत ते विसरूनही गेले. आधीच्या सत्तावीस तक्रारींनी त्यांची तशी खात्रीच करून दिली होती.

पाचव्या दिवशी सकाळी पालिकेची दोन माणसं आली, त्यांनी विहिरीत टॉर्च मारला आणि मेबलबाईंच्या दारावर नोटीस चिकटवली. विहीर डासप्रतिबंधक पद्धतीने कायमची बंद करावी, अन्यथा कारवाई होईल. मुदत सात दिवस.

श्यामकांतराव वरून पाहत होते. सत्तावीस तक्रारी केल्यावर आपल्या एका तक्रारीची पालिकेने दखल घेतली, या आनंदाने क्षणभर त्यांचा ऊर भरून आला. पुढच्याच क्षणाला खालून मेबलबाईंचा आवाज आला आणि ऊर जागच्या जागी राहिला.

"बाव बंद? नेव्हिलचे लग्नाला? मंग उंबराचं पानी खयशी आनू? नळाचं?"

मग श्यामकांतरावांना उंबराचं पाणी म्हणजे काय ते समजलं. सुनंदाबाईंनीच वर येऊन सांगितलं. यांच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सगळं गाव बँड लावून, नाचत, लुगडी नेसलेल्या बायका डोक्यावर सजवलेले हंडे घेऊन, विहिरीवर जातं आणि नवऱ्या मुलाच्या आंघोळीचं पाणी काढून आणतं. नेव्हिलच्या बापाचं, आजाचं, सगळ्यांचं पाणी याच विहिरीतून गेलं होतं. लग्न पुढेही ढकलता येत नव्हतं. नंतर लगेच त्यांचा उपासाचा काळ लागत होता आणि त्यात लग्न नाही. "कोण मेला असेल हो तो?" सुनंदाबाई म्हणाल्या. "कोणाचं काय वाईट केलंय या माणसांनी?"

"कोण जाणे," श्यामकांतराव म्हणाले. आणि ते घटाघटा पाणी प्यायले. तेही विहिरीचंच होतं.

संध्याकाळी मेबलबाईंच्या ओटीवर गाव जमलं. नेव्हिल संतापला होता. त्याचा संशय पलीकडच्या टॉवरवर होता. त्याचा मामा रॉनी, जो बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचा, त्याचा संशय एका केबलवाल्यावर होता, पण त्याचं कारण जुनं होतं. बराच आरडाओरडा झाल्यावर मेबलबाई म्हणाल्या, "अर्ज करूया. आपला शाम लिवील. त्याचा तर जनम गेला कागदान."

सगळ्यांनी वळून पाहिलं. अशा रीतीने तक्रारीविरुद्धच्या लढ्याचं नेतृत्व श्यामकांत उपासनी यांच्याकडे आलं.

नेव्हिलने कागद आणला, रॉनीने पेन दिलं. "लिहा अंकल," नेव्हिल म्हणाला, "हा कम्प्लेंट करणारा एकदम फालतू, रिकामटेकडा, सडक्या डोक्याचा माणूस आहे."

"इतकं नको," श्यामकांतराव म्हणाले. "कार्यालयीन भाषेत बसत नाही."

"मग काय बसतं?"

श्यामकांतरावांनी थोडा विचार केला. चौतीस वर्षांचा अनुभव पणाला लावला आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'कोणा विघ्नसंतोषी व्यक्तीने, वस्तुस्थितीची शहानिशा न करता...' वाचून दाखवल्यावर रॉनी खूश झाला. "विघ्नसंतोषी! झकास! हे रिकामटेकड्यापेक्षा वाईट वाटतं," तो म्हणाला. श्यामकांतरावांनाही तसंच वाटलं. खाली त्यांनी रहिवाशांच्या वतीने सही केली. सही करताना एखाद्याला स्वतःच्या मृत्यूच्या दाखल्यावर सही करताना वाटेल तसं काहीतरी वाटलं.

दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसात कीटकनाशक विभाग शोधण्यात सकाळ गेली. पहिल्या मजल्यावरच्या माणसाने तिसऱ्यावर पाठवलं, तिसऱ्यावर दरवाज्याला कुलूप होतं आणि 'विभाग तळमजल्यावर हलवला आहे' अशी पाटी होती. तळमजल्यावरच्या बाईंनी अर्ज ठेवून घेतला आणि सांगितलं, "अर्ज राहू द्या. पण मूळ तक्रार मागे घेतली तरच लवकर काम होईल. ती तक्रारदारच घेऊ शकतो. त्याला ओळखता का?"

"तोंडओळख आहे," श्यामकांतराव म्हणाले.

बाहेर पिंपळाखाली उभं राहून त्यांनी ॲप उघडलं. तक्रार मागे घेण्याचं बटण कुठेच नव्हतं. 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे' असं हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं आणि खाली 'आमच्या सेवेला गुण द्या' म्हणून पाच चांदण्या होत्या. हिरवी अक्षरं पाहून श्यामकांतरावांचं डोकं फिरलं. सत्तावीस वेळा काम करायला हवं होतं तेव्हा केलं नाही, आणि एकदा करायला नको होतं तेव्हा धावत आले. त्यांनी तिरमिरीत एक चांदणी दिली.

फोन लगेच थरथरला. 'आपल्या असमाधानाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपली तक्रार वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे तातडीने पाठवण्यात आली आहे.'

श्यामकांतरावांनी तो निरोप तीनदा वाचला. मग ते पिंपळाच्या पारावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

पुढचे चार दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांनाच माहीत. रोज ते वॉर्ड ऑफिसात जात, आणि रोज 'साहेब साइटवर आहेत' असं ऐकून येत. इकडे गल्लीत त्यांची किंमत वाढत चालली होती. "शाम बगा, आपल्या बावीसाठी किती धावतंय," असं मेबलबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि त्यांच्या ताटात एक फुगा जास्त टाकत. तो फुगा त्यांच्या घशाखाली उतरत नसे. नंदादीपच्या ग्रुपवर त्यांनी आडून सल्ला विचारला, 'माझ्या एका मित्राने चुकून...' तर चौदा जणांनी उत्तर दिलं, 'श्यामकांतराव, आता काय केलंत?'

शुक्रवारी सुनंदाबाईंनी कपाटावरची निळी बॅग काढून पुसून ठेवली. "लग्नात लुगडं न्यायला लागेल," त्या म्हणाल्या. लग्नाचा मांडव तर अंगणातच होता. लुगडं न्यायला बॅग कशाला लागते, हे विचारायचं श्यामकांतरावांचं धैर्य झालं नाही.

शनिवारी दुपारी चार वाजता, बायका हंड्यांना झेंडूच्या माळा बांधत असताना आणि रॉनीची मंडळी कॉर्नेट पुसत असताना, पालिकेची हातगाडी गल्लीत शिरली. हातगाडीवर लोखंडी जाड पत्रा होता, वेल्डिंगचं मशीन होतं, आणि मागून विद्याधर गुंजाळ नावाचे अधिकारी घाम पुसत येत होते. माणूस सरळ दिसत होता. मेबलबाईंनी हात जोडले, नेव्हिल बोलू लागला, रॉनी त्याच्याहून मोठ्याने बोलू लागला.

"अहो, मला कळतंय सगळं," गुंजाळ म्हणाले. "मी काय दुष्मन आहे का? तुमचा अर्जही वाचला. सुंदर लिहिलाय. विहिरीला साधी जाळी बसवायची, पाणी काढायला एक झडप ठेवायची, आत गप्पी मासे सोडायचे. डास खलास, विहीर चालू. पत्र्याबरोबर जाळीसुद्धा आणलीय मी. पण तुमचा तो तक्रारदार! आम्ही नोटीस लावली तरी पठ्ठ्याने एक स्टार दिलाय. एक! वरून मला विचारतात, गुंजाळ, विहीर अजून उघडी कशी? त्या माणसाने समाधान झालं असं लिहून दिलं तर मी आत्ता जाळी बसवतो. नाहीतर मला हा पत्रा ठोकावाच लागेल. माझी नोकरी आहे."

"कोण आहे तो? नंबर द्या, मी बघतो त्याला," नेव्हिल म्हणाला.

"नाव सांगता येत नाही. गोपनीय असतं."

श्यामकांतरावांनी एकदा हंड्यांकडे पाहिलं, एकदा सुनंदाबाईंकडे. त्या जास्वंदीपाशी उभ्या होत्या, केसात अबोलीचा गजरा, आणि त्यांची नजर श्यामकांतरावांवरच होती. गप्प राहिलं तर गल्ली राहत होती, घर राहत होतं, बायको राहत होती. फक्त विहीर जात होती. आणि कोणाला कधीच कळलं नसतं. श्यामकांतरावांना मुलुंड दिसलं, मधुवंतीचा चेहरा दिसला, चौथ्या गल्लीत एकट्याने चहा पिणारे आपण दिसलो. आणि तरीही त्यांचा उजवा हात वर्गातल्या मुलासारखा वर गेला.

"ती विघ्नसंतोषी व्यक्ती मी आहे," ते म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की मागच्यांना ऐकू गेलं नाही, आणि रॉनीने "काय म्हणतो?" विचारलं, म्हणून तेच त्यांना पुन्हा एकदा, मोठ्याने म्हणावं लागलं. मग त्यांनी सगळंच सांगून टाकलं. डास, टक्कल, सवय, पिंपळ, एक चांदणी. "उद्या लग्न झालं की आम्ही जागा सोडतो," ते शेवटी म्हणाले. "यांची यात काही चूक नाही. यांना ठेवून घेतलंत तरी चालेल."

मग मेबलबाई पुढे आल्या. त्यांनी श्यामकांतरावांच्या टकलाकडे नीट निरखून पाहिलं, जणू तो डास अजून तिथे आहे.

"आमाला ठावं होतं, शाम."

"काय?"

"नोटीस लागली तवाच. अरे, साठ वरसं मी या गल्लीन हाय. इथं कोनी कोनाची कागदावर कंप्लेंट केली नाय. भांडण झालं का खिडकी उघडायची नं वरडायचं. सांजेला खलास. कागद लिवनारा या गावान एकच मानूस आलाय. मना समजणार नाय?"

"मग... मग अर्ज मला कशाला लिहायला लावलात?"

"दुसऱ्या कोनाला लिवता येतंय?" मेबलबाई म्हणाल्या. "आनि मना बगायचं होतं, तू सांगतंस का नाय. सांगलंस. उशीर केलास, पन सांगलंस. जाग्याचं काय बोलतंस? गप रे."

नेव्हिलने मान खाली घातली होती. त्याचे खांदे हलत होते. तो रडतो आहे असं श्यामकांतरावांना वाटलं, पण पोरगं हसत होतं. "अंकल, 'विघ्नसंतोषी' लिहिताना तुमचा चेहरा!" एवढंच त्याला बोलता आलं. मग रॉनी हसला आणि मग सगळं अंगण हसायला लागलं. गुंजाळांना काही समजलं नाही, पण नोकरी वाचली एवढं समजलं, आणि तेही हसले.

श्यामकांतराव सुनंदाबाईंकडे गेले. "तुलाही माहीत होतं?"

"एकोणचाळीस वर्षं झाली," सुनंदाबाई म्हणाल्या. "तुम्ही पाणी प्यायलात ना, तेव्हाच."

"आणि ती बॅग?"

"बॅग भरली होती. आज कबूल केलं नसतं, तर उद्या संध्याकाळी निघाले असते." त्यांनी नाक ओढलं. "आता हलवा ती पलंगावरून. झोपायला जागा नाही."

श्यामकांतरावांना इतकं सुटल्यासारखं वाटलं की त्यांना चक्क रडू आलं, आणि ते लपवायला म्हणून ते फोनमध्ये तोंड घालून पाच चांदण्या द्यायला लागले. अंगणात रेंज नव्हती. शेवटी रॉनी आणि नेव्हिल या दोघांनी त्यांना क्रूसाच्या चौथऱ्याशेजारच्या बाकावर चढवलं, आणि हात उंच करून श्यामकांत उपासनी यांनी आयुष्यात प्रथम एखाद्या सरकारी खात्याबद्दल लेखी समाधान व्यक्त केलं. बँडने तिथेच एक तान मारली. जाळी बसली. गुंजाळांनी पिशवीतले गप्पी मासे सोडले. संध्याकाळी सगळं गाव नाचत विहिरीवर आलं, मेबलबाईंनी पहिला हंडा भरला, आणि नव्या झडपेचा खटका नीट लागत नव्हता म्हणून सगळे हंडे भरेपर्यंत ती झडप दोन्ही हातांनी वर धरून ठेवण्याची शिक्षा शामला झाली. सुनंदाबाई लुगडं नेसून, डोक्यावर हंडा घेऊन त्यांच्या अंगावर मुद्दाम पाणी सांडत गेल्या.

लग्न थाटात झालं. सोमवारी दुपारी दोन वाजता जेवून श्यामकांतराव आडवे झाले. डोळा लागणार एवढ्यात खिडकीखाली रॉनी, लग्नाचा अंमल अजून उतरला नव्हता म्हणून असेल, कॉर्नेट वाजवू लागला. त्याच त्याच चार सुरांवर तो अडकला होता आणि पाचवा सापडत नव्हता. श्यामकांतरावांचा हात सवयीने उशाशी गेला, फोन हाताला लागला. शेजारी सुनंदाबाई एक डोळा उघडून बघत होत्या.

श्यामकांतरावांनी फोन पालथा ठेवला. उठले, खिडकीपाशी गेले, दोन्ही दारं उघडली, घसा खाकरला. असं ते आयुष्यात कधी ओरडले नव्हते.

"रॉनी! ए रॉनी! बंद कर रे ते! झोपायचंय आम्हाला!"

कॉर्नेट थांबला. गल्लीत चार खिडक्या उघडल्या. श्यामकांतरावांना आपल्या आवाजाचीच भीती वाटली.

"सॉरी, शाम!" खालून रॉनी ओरडला. "झोप तू!"

चारही खिडक्या पुन्हा लागल्या. तक्रार क्रमांक एकोणतीस अकरा सेकंदांत निकाली निघाली होती, आणि तिला गुण देण्याआधीच तक्रारदार घोरायला लागला.